सहा व्होल्टचा पिवळा दिवा

“लाल म्हणजे प्लस, मॅडम. ह्यात विचार कसला करायचा?”

दत्ताभाऊ मोटारसायकलशेजारी उकिडवे बसले होते. बॅटरीच्या रिकाम्या खणातून बाहेर आलेली एक वायर त्यांनी माझ्या नाकासमोर धरली होती. वायर जुनी, वर कापडाचं वेष्टण. टोकाला बॅटरीवर आवळायची पितळी कडी आणि त्या कडीवर लालभडक डाग. त्यांच्या मेकॅनिकने तो डाग पाहून निकाल देऊन टाकला होता. ही वायर प्लसची, चॅसीला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला, जाते ती मायनसची, सहा व्होल्टची बॅटरी आणा आणि जोडून मोकळे व्हा.

मी कडीवर बोट घासलं. बोट लाल झालं. वास घेऊन पाहिला.

“दत्ताभाऊ, पेंट असा हाताला येत नाही. हे कुंकू आहे.”

 दत्ताभाऊ घराच्या दाराकडे तोंड करून ओरडले, “माई! बॅटरीला कुंकू लावतेस का गं तू?”

आतून खणखणीत आवाज आला. “लावनारच की! खंडेनवमीला इळ्याला लावायचं, खुरप्याला लावायचं, आन् गाडीनं काय घोडं मारलंय? तुझा बा म्हनायचा, गाडीचा जीव त्या डब्यात हाय. डबा गेला, तवापासनं वायरीला लावती.”

मी तिथेच ओट्यावर बसून हसत सुटले. हसण्यासारखं काही नव्हतं खरं तर. कुठली वायर कशाची, याचा आमच्याकडे तेवढा एकच पुरावा होता, आणि तो माईंच्या करंड्यातून आलेला निघाला.

मी चाकणच्या एका बॅटरी कंपनीत आहे. माझं खातं ॲप्लिकेशनचं, म्हणजे कुठल्या गाडीला कुठली बॅटरी ते ठरवायचं. शिवाय वॉरंटीत परत आलेल्या बॅटऱ्या उघडून त्या कशाने मेल्या ते शोधायचं. नातेवाईक लग्नात सुद्धा मला गाठून विचारतात, इन्व्हर्टरला कुठली घेऊ. त्यामुळे दत्ताभाऊंनी आमच्या पार्किंगमध्ये “मॅडम, एक घरचं काम होतं” म्हटलं, तेव्हा मी मनात म्हटलं, आला इन्व्हर्टर. दत्ताभाऊंचं भोसरीत प्रेसशॉप आहे. आम्हाला पत्र्याचे छोटे पार्ट देतात. माणूस सरळ, पण डिलिव्हरीला उशीर करतो म्हणून मी त्यांना बऱ्याचदा फैलावर घेतलेलं आहे. तरीही माझ्याकडेच आले, म्हणजे काम तसंच असणार.

काम होतं वडिलांच्या मोटारसायकलचं. पन्नासच्या दशकातली इंग्लिश गाडी. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते. सेकंड शिफ्ट सुटली की ते या गाडीवर मोशीला घरी यायचे. तेव्हा मोशी म्हणजे शेतं आणि अंधार. दत्ताभाऊ कॉलेजात असताना वडील गेले. गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली गेली. माईंनी ती विकू दिली नाही. गेल्या वर्षी दत्ताभाऊंनी इंजिन करून घेतलं आणि गाडी सुरूही झाली.

“मग बॅटरी कशाला हवीय?” मी विचारलं. कारण या गाडीला मॅग्नेटो असतो. इंजिन फिरलं की तो आपली ठिणगी आपणच तयार करतो. गाडी चालायला बॅटरी लागतच नाही. ती फक्त दिव्याला आणि हॉर्नला.

“दिव्यासाठीच पाहिजे,” ते म्हणाले. “माईला काचबिंदू आहे. फार उशिरा कळलं. आता माणूस ओळखू येत नाही तिला. फक्त उजेड आहे का अंधार, तेवढं समजतं. डॉक्टर म्हणतात, तेही जाणार. कधी, ते नाही सांगता येत.”

“बरं.”

“तिने आजवर कधी काही मागितलं नाही, राव. परवा म्हणाली, त्यांचा दिवा येताना एकदा बघायचाय.”

बोलताना ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मी तशी तिरसट बाई आहे, लगेच पाघळत नाही. पण मी म्हटलं, शनिवारी येते.

आमचे महाजन सर, म्हणजे माझे बॉस, यांना सहज सांगितलं, तर त्यांनी एका दमात उपाय सांगितला. “बारा व्होल्ट करून टाक. लिथियम बसव, एलईडी लाव. लख्ख उजेड पडेल. हाय काय अन् नाय काय.”

“सर, एलईडीचा उजेड पांढरा. त्या काळचा बल्ब पिवळा होता.”

“म्हाताऱ्या बाईला दिसल्याशी कारण ना?”

“त्यांना उजेड नकोय, सर. त्यांना तोच उजेड हवाय.”

“म्हणजे नेमकं काय?”

“ते मलाही अजून कळलेलं नाही,” मी म्हटलं. ‘तोच उजेड’ हे तेव्हा मी उगाच बोलून गेले होते.

तर आता त्या कुंकवाकडे येऊ. प्रत्येक गाडीत बॅटरीचं एक टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेलं असतं. त्याला अर्थ म्हणायचं. आजच्या गाड्यांत मायनस अर्थ असतो. लहान पोरही डोळे मिटून तसंच जोडेल. पण त्या काळच्या पुष्कळ इंग्लिश गाड्यांत उलटं होतं, प्लस सांगाड्याला. पुष्कळ म्हणजे सगळ्या नाहीत. आणि इथे चूक परवडणारी नव्हती. इंजिनावर फिरणारा डायनॅमो बॅटरी चार्ज करतो. बॅटरी उलटी जोडली, तर ते दोघे मिळून सगळा करंट त्या जुन्या वायरिंगमध्ये ओततात. आधी वायरीतून धूर, मग डायनॅमो खलास. तसला डायनॅमो आता भंगारातही मिळत नाही. मग माईंना दिवा दाखवायचा तो कशाने?

मॅन्युअल नव्हतं. वडील नव्हते. डायनॅमोचा दाब आवरणाऱ्या रेग्युलेटरवरची अक्षरं पुसून गेली होती. मेकॅनिकला फोन लावला तर तो म्हणाला, “मॅडम, सगळ्या गाड्यांना मायनसच असतो.” मी म्हटलं, “बरं झालं तुम्ही अजून जोडली नाहीत.” फोन ठेवला.

आता एकच जण उरला होता विचारायला. डायनॅमो.

हे जरा सांगते. डायनॅमोला वीज तयार करायला आधी थोडं चुंबकत्व लागतं. ते कुठून येतं? मागच्या वेळी तो चालला, तेव्हा त्याच्या लोखंडात जे मुरलं, त्यातून. फार थोडं, पण त्याला दिशा असते. ज्या दिशेने तो शेवटचा चालला, ती दिशा लोखंड धरून ठेवतं. कॉलेजात हे आम्ही चार मार्कांसाठी लिहिलं होतं. गेल्या वर्षी इंजिन सुरू झालं ते बॅटरीशिवाय, त्यामुळे जुनी दिशा बदलायचं कारण नव्हतं. पण गाडी गोठ्यात पडून अख्खी पिढी उलटली होती. काही उरलं असेल याची मला खात्री नव्हती.

मी डायनॅमोच्या वायरी काढल्या. माझा काट्याचा जुना मीटर लावला. काळं टोक सांगाड्याला, लाल टोक डायनॅमोला. “मारा किक.”

दत्ताभाऊंनी किक मारली, पुन्हा मारली, कपाळ पुसलं, पुन्हा मारली. गाडीने एकदम आवाज काढला आणि गोठ्यातल्या कोंबड्या सैरावैरा पळाल्या. मी मीटरवर डोळे लावून बसले होते. काटा थरथरला. आणि डावीकडे सरकला. अगदी जरासा.

मी टोकं उलटी लावून पाहिली. काटा उजवीकडे. पुन्हा पहिल्यासारखी लावली. काटा डावीकडे.

“काय झालं?” दत्ताभाऊ इंजिनाच्या आवाजावरून ओरडले.

  अहो, या माणसाच्या वडिलांनी एका रात्री शिफ्टहून येऊन ही गाडी बंद केली असेल, स्टँडला लावली असेल. ते गेले. शेतांच्या सोसायट्या झाल्या. पोरगा पन्नाशीला आला. आणि त्या रात्री वीज कुठून कुठे वाहत होती, ते या मूठभर लोखंडाने अजून धरून ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नव्हतं, एवढंच. याचं सूत्र मला पाठ आहे. पण त्या क्षणी मला सूत्र आठवलं नाही. मी नुसतीच त्या गाडीला हात लावून उभी राहिले.

“प्लस सांगाड्याला,” मी शेवटी म्हटलं. “माईंचं कुंकू मायनसला लागलंय.”

मग बॅटरी निवडणं सोपं होतं. जुन्या पद्धतीची, झाकणं उघडून ॲसिड भरायची बॅटरी मिळते, पण खणाच्या मापात बसेना आणि गळलेल्या ॲसिडने पितळी कडी खाल्ली असती. लिथियमला तो जुना, मेकॅनिकल रेग्युलेटर मानवला नसता. मी आमच्याच कंपनीची छोटी सीलबंद बॅटरी घेतली. भाजीवाल्याच्या वजनकाट्यात किंवा मुलांच्या खेळण्यातल्या गाडीत असते तसली, जरा मोठ्या क्षमतेची. आतलं ॲसिड काचेच्या लोकरीत शोषलेलं असतं, त्यामुळे गळायची भीती नाही. लाइनवरून ताजी उचलली, तपासून घेतली, खणात रबराचे तुकडे घालून घट्ट बसवली. डायनॅमोने दिशा सांगितली होती तशी जोडली. दिवा लागला. काय सुरेख पिवळा लागला म्हणून सांगू!

मोशीत आता अंधार शोधावा लागतो. पण दत्ताभाऊंच्या घरामागे थोडी जमीन अजून शिल्लक आहे. आंब्यापासून निघून, ओढ्यात उतरून, गोठ्याला वळसा घालून परसदारी येणारी पायवाट. वडिलांच्या रोजच्या रस्त्याचं तेवढंच शेपूट उरलंय. दिवेलागणीला माई परसदारच्या पायरीवर येऊन बसल्या. नऊवारी, ताठ पाठ, हनुवटी वर. शेजारी सूनबाई, सुनीतावहिनी. दत्ताभाऊ गाडी घेऊन आंब्याच्या पलीकडे गेले.

दिवा आला. आंब्यापासून ओढ्यात, ओढ्यातून वर, गोठ्याला वळसा. कुठे लवला नाही, कुठे फडफडला नाही. मी मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

“दिसला का, माई?” वहिनींनी विचारलं.

“दिसतोय की. कोन आलंय?”

दत्ताभाऊंनी गाडी बंद केली. 

“माई, बाबांची गाडी आहे ही,” दत्ताभाऊ म्हणाले.

“गाडी त्यांचीच. आवाज काय इसरते व्हय मी? पन दिवा त्यांचा न्हाई.”

मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढी उठाठेव केली आणि ही म्हातारी म्हणते दिवा त्यांचा नाही. मी म्हटलं, “माई, काच तीच आहे. बल्ब त्याच जातीचा आहे. बॅटरी एक नंबर आहे.”

“आसंल. आमी कुठं न्हाई म्हनलं.”

“मग फरक काय आहे?”

माईंनी उजवा हात पुढे केला. तळवा उघडला, मिटला, उघडला. “त्यांचा दिवा डुलायचा. आंब्यापाशी ह्यो मोठा. ओढ्यात उतरले की बारीक व्हायचा, पार निखाऱ्यावानी. वर चढले की पुन्ना मोठा. आन् गोठ्यापाशी वळले की बारीक. त्यो दुसऱ्यांदा बारीक झाला की मी तवा ठिवायची. त्ये पाय धून येस्तवर पहिली भाकरी तव्यावर.”

मी पायरीवर बसले. 

बाई बॅटरीचा टेस्ट रिपोर्ट वाचून दाखवत होत्या. उतारावर आणि वळणावर माणूस ॲक्सिलरेटर कमी करतो. इंजिन मंद झालं की डायनॅमो काही देत नाही, दिव्याचा सगळा भार बॅटरीवर येतो. बॅटरी धडधाकट असेल तर दिव्याला कळतही नाही. बॅटरी दमलेली असेल तर दिवा बसतो. इंजिनाने पुन्हा जोर धरला की उठतो. म्हणजे वडिलांची बॅटरी दमलेली होती. एखाद्या रात्री नव्हे, वर्षानुवर्षं. आणि कुठल्या जागी किती दमायची, ते या डोळे गेलेल्या बाईंना आजही तोंडपाठ होतं. आधी ते लोखंड आणि आता या. एकाच घरात किती जणांनी किती काय धरून ठेवावं!

पण बॅटरी का मेली, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. धंदाच तो माझा.

“माई, बॅटरीत पाणी कोण घालायचं? तुमचे मालक?”

“त्यांना कुठली सवड? मीच घालायची. खंडेनवमीला. कुंकू लावायचं आन् पूजेच्या तांब्यातलं घालायचं.”

“पाणी कुठलं?”

“हिरीचं. गोड हिर हाय आमची.”

बॅटरीत डिस्टिल्ड पाणी घालतात, ज्यात क्षार अजिबात नसतात. विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी बॅटरीला ते विष. आणि माई ते भक्तिभावाने, दर वर्षी, हळदीकुंकवासकट.

“माई,” मी म्हटलं, “ती बॅटरी तुम्हीच मारलीत.”

“मॅडम!” दत्ताभाऊ दचकले.

 माईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, रडवलं आपण म्हातारीला. पण त्या हसत होत्या. डोळ्याला पदर लावून हसत होत्या. “आगं बया! आन् मी त्यांनाच बोलायची की! म्हनायची, चिक्कूपना सोडा, नवी बॅटरी आना. आन् त्ये म्हनायचे, नवी आनली तरी वरसात अशीच हुती, गाडीलाच सवय लागलीया.” त्यांनी दम घेतला. “म्हंजी त्यो दिवा मीच डुलवला व्हय?”

“व्हय,” मी म्हटलं.

सोमवारी मी आमच्या वॉरंटी रॅकपाशी गेले. परत आलेल्या बॅटऱ्या तिथे असतात. आम्ही त्याला रिजेक्ट रॅक म्हणतो. बॅटरी कशाने मेली हे शोधायला मी तिथे रोज जाते. त्या दिवशी पहिल्यांदाच चांगली मेलेली बॅटरी शोधायला गेले. आणि तुम्हाला सांगते, धडधाकट बॅटरी निवडणं सोपं असतं, हवी तेवढीच मेलेली निवडणं अवघड. पूर्ण मेलेली चालणार नव्हती, कारण बॅटरीचा आधार नसला तर डायनॅमोचा सगळा दाब दिव्यावर येतो आणि बल्ब उडतो. आतून शॉर्ट झालेली तापते, तीही नको. मला फक्त दमलेली हवी होती. ओझं आलं की वाकणारी, सुटलं की उभी राहणारी.

प्रत्येकीला बल्ब लावून बघत बसले. कुणी एकदम मान टाकायची, कुणी कुरकुर न करता जळत राहायची. शेवटी एक सापडली. भाजीवाल्याच्या वजनकाट्यातून परत आलेली, तक्रार होती “चार्ज टिकत नाही”. बल्ब लावला. तो पिवळा झाला, मग हळूहळू नारिंगी. निखाऱ्यावानी. आमच्या टेस्टरने तिच्यावर शेरा मारला होता: बदला.

“मंजूषा, रॅकमधून बॅटरी बाहेर न्यायची?” महाजन सर म्हणाले. “शिसं असतं त्यात. प्रत्येक नगाचा जाब द्यावा लागतो.”

“रिटर्नेबल गेटपास करा, सर. परत आणायच्या बोलीवर, ट्रायलसाठी.”

“कसली ट्रायल?”

“त्याच दिव्याची. मोशीच्या.”

“अगं, मग नवी ने ना. मी देतो सही करून.”

“नवी लावून बघितली, सर. फार चांगली आहे.”

त्यांनी चष्मा काढला. मी माईंचा उघडणारा मिटणारा तळवा करून दाखवला आणि तव्यापर्यंतची सगळी हकिकत सांगितली.  सरांनी सही केली. मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, “फ्यूज लाव गं मात्र.”

“लावलाय, सर.”

पुढच्या शनिवारी पुन्हा दिवेलागण, पुन्हा पायरी. या वेळी मी दिव्याकडे बघत नव्हते, माईंकडे बघत होते.

आंब्यापाशी उजेड आला. माईंची हनुवटी तिकडे वळली. “आंबा,” त्या पुटपुटल्या. गाडी उतारावर आली, इंजिनाचा आवाज बसला आणि उजेडही बसला. “ओढा.”   मग गाडी चढाला लागली आणि अंधारात पिवळा गोळा पुन्हा फुलला. आता त्यांच्या तोंडावर उजेड पडला होता आणि बुबुळं न हलवता त्या सरळ त्यात बघत होत्या. गाडी गोठ्यापाशी वळली. दिवा बारीक झाला.

माईंनी हात लांब करून वहिनींचा गुडघा चाचपला. “सुनीता, तवा ठिव.”

वहिनी उठल्या. आत गॅस पेटल्याचा आवाज आला, मग तवा आदळल्याचा. दत्ताभाऊंनी गाडी दारात आणून बंद केली, पण उतरेनात. हँडल धरून तसेच बसून राहिले. त्यांना आईकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडे बघायचं तरी कुठे.

माई अंधाराकडे तोंड करून म्हणाल्या, “बसलाय काय? आदी पाय धू.”

त्या दिवशी मी तिथे भाकरी खाऊन आले. दत्ताभाऊ आता दर शनिवारी एक फेरी मारतात. मध्यंतरी म्हणाले, माईला हल्ली आंब्यापाशी दिवा दिसत नाही, ओढ्यातून वर आल्यावरच दिसतो. बॅटरीला हात लावायचा नाही आणि पाणी तर मुळीच घालायचं नाही, अशी मी त्यांना तंबी दिली आहे. सीलबंद आहे म्हणून माईंचा तांब्या वाचला, नाहीतर त्यांचा काही नेम नाही.

बॅटरी निवडताना व्होल्ट बघा, क्षमता बघा, माप बघा, अर्थ कुठला ते बघा. नव्या पोरांना मी हे शिकवते. आता त्याच्या आधी एक गोष्ट शिकवते. उजेड बघणार कोण आहे, ते विचारून घ्या.

तो गेटपास अजून बंद झालेला नाही. दर ऑडिटला स्टोअरवाले यादी घेऊन येतात आणि विचारतात, मॅडम, ती सहा व्होल्टची रिजेक्ट बॅटरी परत कधी येणार?

मी सांगते, ट्रायल चालू आहे.